पाण्याच्या धारेत वळलेला उजेड : जॉन टिंडल यांची ओळख



धारवाडहून बेळगावकडे निघाले की महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. होयसळांच्या मंदिरांमुळे प्रसिद्ध असलेले बेलूर वेगळे, ते हासन जिल्ह्यात. हे आपले धारवाडचे बेलूर. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे पालक रोज त्या रस्त्याने कामावर जातात. रस्त्याच्या कडेला लांबच लांब चर खणून त्यात नारिंगी नळी पुरण्याचे काम त्यांनी पाहिले असेल. त्या नळीतून जी केबल ओढतात, तिच्यात संदेश नेणारी तांब्याची तार नसते. केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात आणि त्यांतून उजेड धावत असतो.

उजेड सरळ रेषेत जातो, असे आपण शाळेत शिकतो. मग रस्ता वळला की उजेडही कसा वळतो? हा प्रश्न मुलांनी वर्गात विचारला, तेव्हा आम्ही त्याचे उत्तर शोधत मागे मागे गेलो आणि एका पोलीस शिपायाच्या मुलापाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव जॉन टिंडल. या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

जॉन टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यातल्या लेलिनब्रिज या छोट्या गावी झाला. वडील पोलीस दलात साधे शिपाई होते. घरची परिस्थिती बेताची, पण वडिलांना वाचनाची आवड आणि मुलाने शिकावे ही तळमळ. त्या काळी आयर्लंडमध्ये प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या दोन पंथांत मोठे वितुष्ट होते. टिंडल घराणे प्रॉटेस्टंट, तर गावाजवळचे गणिताचे उत्तम शिक्षक जॉन कॉनविल हे कॅथलिक. तरीही वडिलांनी पंथ पाहिला नाही, शिक्षक पाहिला. जॉन कॉनविल गुरुजींच्या हाताखाली भूमिती, बीजगणित आणि जमीन मोजण्याची विद्या शिकला. पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया तेथेच घातला गेला.

१८३९ मध्ये त्याला सरकारी भूमापन खात्यात नकाशे काढण्याची नोकरी लागली. १८४२ मध्ये त्याची बदली इंग्लंडला झाली. तेथे अपुरा पगार आणि आयरिश कर्मचाऱ्यांना मिळणारी वागणूक याविरुद्ध त्याने आवाज उठवला. परिणामी १८४३ मध्ये नोकरी गेली. त्यानंतर काही वर्षे इंग्लंडभर नवे रेल्वेमार्ग आखले जात होते, त्यात मोजणीचे काम त्याने केले. काम कष्टाचे होते, पण चार पैसे गाठीला राहिले.

१८४७ मध्ये टिंडल यांनी हॅम्पशायरमधील क्वीनवुड कॉलेज या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून पाऊल टाकले. मुलांनी हाताने प्रयोग करून विज्ञान शिकावे म्हणून प्रयोगशाळा असलेली ती त्या काळातली विरळा शाळा होती. भूमितीला कंटाळलेल्या मुलांपुढे टिंडल पुस्तकाबाहेरचे प्रश्न ठेवत, आधी सोपे, मग अवघड. उत्तर स्वतः सांगत नसत. हळूहळू मुलांना अशी गोडी लागली की त्यांनी खेळाच्या मैदानावरच्या लाकडी तुळयांवरही आकृत्या कोरल्या! (आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र बाकांवर तसे करू नये, ही विनंती.)

शिकवता शिकवता आपल्यालाच अजून पुष्कळ शिकायचे आहे, हे टिंडल यांच्या ध्यानात आले. १८४८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या कामातून साठवलेले पैसे घेऊन ते आपले सहशिक्षक एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. तेथे रॉबर्ट बुन्सेन यांच्यासारखे गुरू लाभले. आपल्या प्रयोगशाळेतील बर्नरला ज्यांचे नाव आहे, तेच हे बुन्सेन. परकी भाषा, हाताशी तुटपुंजा पैसा आणि दिवसाचे अनेक तास अभ्यास अशा स्थितीत त्यांनी सुमारे दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवली.

ती संध्याकाळ

इंग्लंडला परतल्यावर १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे एक व्याख्यान झाले. ते इतके रंगले की त्याच वर्षी त्यांना तेथे प्राध्यापक नेमण्यात आले. विजेच्या जनित्राचे तत्त्व शोधणारे मायकेल फॅरडे तेथेच काम करीत होते. लोहाराचा मुलगा फॅरडे आणि शिपायाचा मुलगा टिंडल यांचे गुरुशिष्यासारखे, पुढे मित्रासारखे नाते जुळले.

१८५४ मध्ये टिंडल यांना पाण्याच्या धारांविषयी व्याख्यान द्यायचे होते. त्यात काहीतरी डोळ्यांत भरणारे हवे होते. फॅरडे यांनी त्यांना एक प्रयोग सुचवला. एका भांड्यात पाणी भरले. भांड्याच्या बाजूला एक छिद्र ठेवले, म्हणजे पाण्याची धार बाहेर पडून कमानीसारखी वळत खाली येईल. भांड्याच्या मागून प्रखर उजेडाचा झोत बरोबर त्या छिद्राच्या दिशेने सोडला. सभागृहात अंधार केला. उजेड छिद्रातून सरळ समोर जाईल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तसे झाले नाही. उजेड पाण्याच्या धारेतच अडकला आणि तिच्याबरोबर वळून खाली उतरला. जिथे धार पडत होती, तिथेच उजेड सांडत होता.

हे का घडते? उजेड पाण्यासारख्या घन माध्यमातून हवेसारख्या विरल माध्यमात जाऊ लागला की तो वाकतो. त्याला आपण अपवर्तन म्हणतो. पण उजेड सीमेवर फार तिरका आला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेसाठी हा क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश आहे, साध्या काचेसाठी सुमारे ४२ अंश. हे कोन सीमेला काढलेल्या लंबापासून मोजतात. धारेत शिरलेला उजेड एका कडेवर आपटतो, परततो, दुसऱ्या कडेवर आपटतो, पुन्हा परततो. प्रत्येक तुकड्यात तो सरळच जातो, पण आपल्याला मात्र वळल्यासारखा दिसतो. म्हणजे पुस्तकातला नियम मोडला नाही आणि रस्त्यावरचे वळणही पार झाले.

हा प्रयोग घरी करता येतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळापासून चार बोटे वर एक लहान गुळगुळीत छिद्र पाडा. पालकांनी ते पाडून द्यावे. छिद्रावर बोट धरून पाणी भरा, त्यात दुधाचे दोनच थेंब टाका. खोलीत अंधार करून बाटलीच्या दुसऱ्या बाजूने, छिद्राच्या बरोबर समोर, बॅटरीचा झोत धरा आणि बोट काढा. धारेखाली तळहात धरला की हातावर उजेडाचा ठिपका दिसेल. खाली बादली ठेवायला विसरू नका आणि लेझरचा दिवा वापरायचा असेल तर शिक्षकांसमोरच वापरा. तो डोळ्यांना घातक असतो.

पहिला मान कोणाचा?

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच पुस्तकांत या प्रयोगाचे जनक म्हणून टिंडल यांचेच नाव असते. ते खरे नाही. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे डॅनियल कोलाडों नावाचे शास्त्रज्ञ होते. सरोवराच्या पाण्यात घंटा वाजवून पाण्यातील ध्वनीचा वेग मोजणारे म्हणून ते ओळखले जातात. वर्गातल्या मुलांना पाण्याच्या धारा दुरून नीट दिसत नाहीत, म्हणून त्या आतून उजळाव्यात या खटाटोपातून कोलाडोंनी हा प्रयोग १८४१ मध्येच केला होता आणि १८४२ मध्ये छापूनही आणला होता. म्हणजे टिंडल यांच्या व्याख्यानाच्या बारा वर्षे आधी! फ्रान्समध्ये जाक बाबिने यांनीही त्याच सुमारास तसाच प्रयोग केला होता.

टिंडल यांनी हा आपला शोध आहे असा दावा केला नव्हता. परंतु त्यांची वाणी इतकी प्रभावी आणि त्यांची पुस्तके इतकी लोकप्रिय की प्रयोग त्यांच्याच नावावर चढला. १८८० च्या दशकात लंडन आणि पॅरिसच्या प्रदर्शनांत रंगीत उजेडाची कारंजी गाजू लागली, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या कोलाडोंनी १८८४ मध्ये एका फ्रेंच विज्ञान नियतकालिकात आपल्या जुन्या प्रयोगाची हकिकत लिहून काढली. तरीही पुढची शंभर वर्षे बहुतेक पुस्तके टिंडल यांचेच नाव छापत राहिली.

अशीच आणखी एक हकिकत आहे. १८५९ मध्ये टिंडल यांनी स्वतः बनवलेल्या उपकरणाने दाखवून दिले की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू उष्णतेचे किरण अडवून धरतात, तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ अडवत नाहीत. आज पृथ्वीच्या तापमानवाढीची जी चर्चा चालते, तिचा पाया यात आहे. पण १८५६ मध्येच अमेरिकेतील युनिस फूट या महिलेने, नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवून, कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त तापतो हे नोंदवले होते. त्यांचे नाव दीडशे वर्षे विस्मरणात गेले आणि एकविसाव्या शतकात पुन्हा उजेडात आले. टिंडल यांचे मोजमाप फूट यांच्यापेक्षा पुष्कळ सूक्ष्म होते, हे खरे. पण पहिल्या पावलाची नोंद राहिली नाही, हेही खरे.

यामुळे टिंडल लहान ठरतात का? आम्हाला तसे वाटत नाही. शोध लावणे हे एक काम आणि तो हजारोंच्या डोळ्यांपुढे उभा करणे हे दुसरे. दुसऱ्या कामात टिंडल यांना तोड नव्हती. मात्र दोन्ही कामांची नावे वेगवेगळी लिहिली गेली पाहिजेत.

पुढील आयुष्य

टिंडल यांच्या कामाचा आवाका थक्क करणारा आहे. अंधाऱ्या खोलीत कवडशात धूळ तरंगताना आपण पाहतो, तसा अतिसूक्ष्म कणांमुळे उजेड विखुरतो आणि झोत दिसू लागतो. या घटनेला टिंडल परिणाम म्हणतात आणि तो आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. हवेतील धूळ व जंतू गाळले तर अन्नद्रव नासत नाही, हे दाखवून त्यांनी पाश्चर यांच्या मताला बळ दिले. धुरात शिरणाऱ्या अग्निशामक जवानांसाठी त्यांनी श्वसनाचा मुखवटा सुधारला. आल्प्स पर्वतातील वाइसहॉर्न हे शिखर १८६१ मध्ये सर्वांत आधी चढणाऱ्यांत ते होते. १८६७ मध्ये फॅरडे वारले. त्यांच्या जागी रॉयल इन्स्टिट्यूशनची धुरा टिंडल यांच्याकडे आली आणि आपल्या गुरूवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. १८७२-७३ मध्ये अमेरिकेत त्यांनी प्रकाशावर दिलेली व्याख्याने तुफान गाजली. त्यातून खर्च जाऊन उरलेले सारे पैसे त्यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले. स्वतः उसनवारीच्या काठावर शिकलेल्या माणसाने हे केले, म्हणून त्याचे मोल अधिक.

१८७६ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचा लुईसा हॅमिल्टन यांच्याशी विवाह झाला. उतारवयात त्यांना निद्रानाशाने गाठले. झोपेसाठी ते क्लोरल नावाचे औषध घेत आणि पोटासाठी मॅग्नेशिया. ४ डिसेंबर १८९३ रोजी सकाळी लुईसाबाईंच्या हातून चुकून दुसऱ्याऐवजी पहिल्या औषधाचा मोठा घोट दिला गेला. पुष्कळ प्रयत्न झाले, पण त्याच दिवशी टिंडल यांचे निधन झाले. लुईसाबाई पुढे १९४० पर्यंत जगल्या आणि पतीची पत्रे व कागद जमवीत राहिल्या. त्यांच्या हयातीत चरित्र काही निघाले नाही. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. योगायोग असा की कोलाडोंचे निधनही १८९३ सालीच झाले होते.

पाण्यापासून काचेपर्यंत

टिंडल गेले तेव्हा या प्रयोगाचा उपयोग कारंज्यांपलीकडे फारसा नव्हता. पाण्याची धार नळीत पुरून गावोगाव नेता येत नाही. काचेचा तंतू नेता येतो, पण त्यात दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण अशी की उघड्या काचेला बोट लागले, ओरखडा पडला किंवा दोन तंतू एकमेकांना टेकले, की तेथून उजेड गळतो. उपाय निघाला तो काचेवर दुसऱ्या, किंचित विरल काचेचे आवरण चढवण्याचा. १९५४ मध्ये हॉलंडचे फान हील यांनी आवरणाची कल्पना मांडली. त्याच वेळी लंडनमध्ये हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले. १९५६ अखेर अमेरिकेत काचेचे आवरण असलेला तंतू तयार झाला आणि १९५७ मध्ये त्यापासून बनलेल्या दुर्बिणीतून डॉक्टरांनी रुग्णाच्या पोटात पाहिले. तीच आजची एंडोस्कोपी.

दुसरी अडचण काचेच्या अशुद्धपणाची. उजेड थोडे अंतर जाऊन विझे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी सांगितले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड उरला तरी टेलिफोनचे काम होईल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ते साधले. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या चांगल्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो.

हा तंतू बनतो कसा? सिलिकॉन व जर्मेनियम यांच्या क्लोराइडची वाफ ऑक्सिजनबरोबर तापवतात. त्यातून अतिशुद्ध काचेची भुकटी थरावर थर बसते. मधल्या थरांत जर्मेनियम मिसळलेले असल्याने तो गाभा किंचित घन राहतो. भुकटी तापवून घट्ट केली की काचेचा जाड दांडा तयार होतो. हा दांडा उंच मनोऱ्याच्या माथ्यावर टांगतात. सुमारे २००० अंश सेल्सियसच्या भट्टीत त्याचे टोक मऊ होते आणि पाकाची तार ओढावी तशी काच खाली ओढली जाते. तंतूची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग असते. टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तंतूत आतला गाभा तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. ओरखडे पडू नयेत म्हणून लगेच प्लॅस्टिकचा लेप चढवतात आणि तंतू रिळावर गुंडाळतात. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादजवळ, वाळूज व शेंद्रा येथे हे काम चालते.

भारतात टेलिफोनसाठी अशा तंतूची पहिली व्यवस्था १९७९ मध्ये पुण्यात, दोन केंद्रांना जोडण्यासाठी सुरू झाली. आज पुण्याच्या आजीशी आपण बोलतो, तेव्हा आपला आवाज उजेडाच्या उघडझापीत बदलून काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. पुणे-धारवाड हे चारशेहून अधिक किलोमीटरचे अंतर कापायला त्याला सेकंदाचा जेमतेम पाचशेवा भाग लागतो. दाताच्या डॉक्टरांकडे निळा उजेड दातावर आणणारी काचेची कांडी, शस्त्रक्रियेत दिव्याची उष्णता बाहेर ठेवून फक्त उजेड आत नेणारी केबल, गाडीच्या डॅशबोर्डवरची खुणेची चित्रे उजळवणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, ही सारी त्या पाण्याच्या धारेचीच भावंडे.

शेवटी थोडेसे

टिंडल यांच्या चरित्रातून आम्हाला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, पालक आणि विश्वस्तांसाठी. शिपायाचा मुलगा शास्त्रज्ञ झाला, कारण गावात एक कॉनविल गुरुजी होते, वडिलांनी पंथाच्या भिंतीपलीकडे जाऊन ते निवडले आणि पुढे एका शाळेत प्रयोगशाळा होती. चांगला शिक्षक आणि हाताने करायचा प्रयोग यांवरचा खर्च कधी वाया जात नाही.

दुसरी, विद्यार्थ्यांसाठी. काचेचा तंतू स्वतः उजेड निर्माण करीत नाही. तो दुसऱ्याकडून आलेला उजेड न सांडता पुढे नेतो. शिकण्याचे आणि शिकवण्याचेही तसेच आहे. पण उजेड कोठून आला, हे सांगितले पाहिजे. विज्ञान प्रदर्शनात तुमच्यापैकी कोणी बाटलीचा हा प्रयोग मांडला, तर शेजारच्या पाटीवर कोलाडों, फॅरडे आणि टिंडल ही तिन्ही नावे लिहा. त्याखाली, तुम्हाला हा प्रयोग ज्यांनी शिकवला त्यांचेही नाव लिहायला विसरू नका.